भरदुपारी लावलेला दिवा

दौंडच्या शटलमध्ये बसले तेव्हा पिशवीत एक जाड परदेशी पुस्तक होतं. जुन्या अमेरिकेतल्या घरगुती दिव्यांची चित्रं: भोकाभोकांचे पत्र्याचे कंदील, मेणबत्त्यांचे साचे, आकड्यानं टांगायचे लोखंडी दिवे. एकेक पोचा, एकेक काजळीचा डाग काढलेला. मी शाळेत चित्रकला शिकवते. शाळांसाठी तक्ते छापणाऱ्या एका गृहस्थांनी त्यातले दिवे उतरवायला दिले होते. एक आपल्याकडचाही घालू म्हटलं, तर म्हणाले, "आपल्या दिव्यात काढण्यासारखं काय असतं?" शोधायला निघाले ती त्याच रागात.

दौंडला रेल्वे कॉलनीतल्या ओळखीच्या वहिनींनी पोहे दिले आणि सांगितलं, इथले चिमण्या-कंदील केव्हाच भंगारात गेले. "शिरूरकडं माझ्या मावशीकडं हाय एक. फोन करते."

चौफुल्याला एसटी बदलली. उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत शिरूरच्या अलीकडे उतरले. ठकूमावशींच्या घरची मेंढरं जाऊन आता शेती आली आहे. दिवा ओट्यावर ठेवला होता. राखेनं घासून लखलखीत.

"काजळी कुठं गेली?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पुण्याची बाई येनार, आन् काळा दिवा दावू व्हय?"

मी पुस्तक उघडून पुढे धरलं. मावशींनी चित्रातल्या आकड्यावर बोट ठेवलं. "ह्येंची बी मेंढरं व्हती का?" त्यांचा दिवा मेंढी विताना वाघरीच्या (मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या) मेढीला टांगत. मग त्यांना चित्रातली काजळी दिसली. "आन् ह्यो घासला न्हाई कुनी?"

उठल्या, रॉकेल ओतलं, वात वर काढली आणि भरदुपारी दिवा लावला. धूर निघाला. शेजारचे आप्पा धावत आले. इकडे घरात कुणी गेलं, तरच दिवसा दिवा जळत ठेवतात.

"कोन गेलं गं ठके?"

"कोन न्हाई. काजळी धरतीया. बसा, च्या घ्या."

"दिसाढवळ्या? इपरीत हाय ह्ये!"

"त्येंचा काळा चालतो, मंग माझा का न्हाई?"

आप्पा बसले, पण दिव्याकडे पाठ करून. ऊन कलेपर्यंत मी काढत होते.

पुण्यात गृहस्थांनी चित्र हातात घेतलं. "हा काळा भाग जरा पुसा."

"अमेरिकेच्या दिव्यांची काजळीही पुसते मग. नाहीतर दुसरा चित्रकार बघा."

तक्ता काजळीसकट छापला गेला. ती काजळी किती जुनी, हे त्यांनी विचारलं नाही; एकाच दुपारची आहे, हे मीही सांगितलं नाही. वर्गातल्या मुलांना मात्र सांगते. आणि ती कुणी धरली, तेही.