दोन्ही गल्ल्यांचं पाणी

वरची गल्ली आणि खालची गल्ली, दोन्हींना पाणी सोडणारा तो चावीवाला. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचा, आणि कुणी घाई केली की म्हणायचा, "पाण्याला काय पंख फुटलेत?" सव्वीस वर्षं खाडा नव्हता.

त्या वर्षी दोन्ही गल्ल्यांत पेटलं. दुकानं जळली, माणसं गेली. तो स्वतः वरच्या गल्लीतला. चौथ्या दिवशी त्याचा मेहुणाच चौघांना घेऊन दारात आला.

"भाऊजी, उद्यापासून खालचा व्हॉल्व्ह बंद. घसा कोरडा पडला की येतील वठणीवर."

"तान्ही बाळं आहेत रे तिथं."

"आपली नव्हेत."

"चांगलं वागलात तर देऊ म्हणायला पाणी काय बक्षीस आहे? हक्काचं आहे त्यांच्या. आज त्यांचं तोडलं, तर उद्या तुझं तोडायला कुणाचा हात थरथरेल?"

मेहुणा तणतणत निघून गेला. सकाळी खालचा व्हॉल्व्ह उघडून चावीवाला सरळ होतोय, तोच मागून काठी बसली. उजवा हात मोडला. कुणी मारलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोने पदर खोचला आणि चावी उचलली. "अगं, तुला नाही जमायचं," तो म्हणाला. "मग या बघायला," म्हणून ती निघालीसुद्धा. चावी काही केल्या फिरेना. तेवढ्यात शेजारच्या मास्तरीणबाई पुढे झाल्या. खालच्या गल्लीतून म्हातारा शिंपी दोन्ही हात वर करून चालत आला. तिघांनी जोर लावला. गच्चीवर पोरं दगड घेऊन उभी होती, पण एकही दगड आला नाही.

पुढे समेटाची बैठक बसली. भाषणं झाली, कुणी हलेना. शिंपी उठला. "तुम्ही आमचं पाणी तोडलं नाहीत, म्हणून मी इथवर आलो," एवढंच म्हणाला. त्यावर पहिलं कलम ठरलं: पाणी, शाळा, दवाखाना, कितीही भांडलो तरी कुणाचं अडवायचं नाही. मेहुण्यानेही मान खाली घालून सही केली. पंधरा वर्षं झाली, भांडणं होतात, पण पुन्हा पेटलं नाही.

चावीवाल्याचा हात वाकडाच जुळला. निवृत्तीच्या दिवशी दोन्ही गल्ल्यांनी त्याचा सत्कार केला.

"आभार मी मानायचे," तो कसाबसा म्हणाला. "तीन महिने हात गळ्यात होता. रोज कुणी ना कुणी येत होतं, या गल्लीतलं, त्या गल्लीतलं. तुमचं पाणी तुम्हीच सोडलंत. मी नुसता शेजारी उभा होतो."