मुठीत कोरडा चोथा

स्वयंपाकघराच्या भिंतीवर पालक उडाला, तो चिरंजीवांच्या कर्तबगारीने. मदतीला दुसरं कोणीही नव्हतं.

ज्यूसर त्याने खोक्यावरचा आकडा बघून निवडला होता. दोन हजार वॅट. शेजारच्या खोक्यावर दोनशेच लिहिलेले, म्हणजे आपण दहापट भारी यंत्र पटकावून आणलं, अशा थाटात तो घरी आला. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर यंत्रांशी झटणारा माणूस; माहितीपुस्तक वाचणं त्याच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. चोथ्याचं भांडं नीट बसलेलं नाही हे त्याला दिसलं होतं. "चालतंय की," म्हणाला आणि बटण दाबलं.

विमान उतरावं तसा आवाज झाला. निम्मा पालक भिंतीवर गेला. उरलेल्याचा दोन बोटं रस आणि चार बोटं फेस निघाला. तो त्याने मोठ्या अभिमानाने वडिलांना दिला.

वडिलांचा जबडा मोडला होता. तीन आठवड्यांपासून वरचे-खालचे दात तारेने बांधलेले. जे पोटात जाईल ते नळकांडीनेच, आणि बोलणं पाटीवर. पालकाचे केसासारखे धागे तारांत अडकले आणि त्यांना ठसका लागला. तोंड उघडता येत नाही आणि खोकला थांबत नाही, अशी दोन मिनिटं गेली.  नंतर आई अर्धा तास मऊ ब्रशने एकेक धागा काढत बसली. वडिलांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, "गवत", त्याखाली दोन रेघा ओढल्या, नळकांडी शर्टाच्या खिशात घातली आणि ती कोणाला देईनात.

हा रुसवा परवडणारा नव्हता. वडिलांचं वजन सात किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी ताकदीची भुकटी दिली होती, पण दुधातून ती घेतली की त्यांना मळमळायचं. "काहीतरी रंगाचं द्या," असं वडिलांनीच पाटीवर लिहिलं होतं, म्हणून तर ज्यूसर आला. आता डॉक्टरांचा निरोप होता: शनिवारी वजन करू, आणखी किलोभर उतरलं तर नाकातून नळी घालू. आणि त्या दिवशी मंगळवार होता.

चिरंजीव आत्याकडे गेला. आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण. साठीची, बारीक, कपाळावर चष्मा. अडतीस वर्षं ती जळलेल्या मोटरींची तार पुन्हा गुंडाळून देते. तिच्या खोलीभर दुकानात तांब्याच्या तारेची रिळं आणि व्हार्निशचा वास. एका हाताने ती चाक फिरवते, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून केसाएवढी तार सोडते आणि वेढे मोजते.

"आत्या, ज्यूसर बदलून घ्यायचाय. चांगली मोटर कुठली?"

"दोनशे चाळीस," आत्या म्हणाली. "म्हणजे ते वेढे. तुझी अक्कल त्याहून कमी आहे. बापाला पालक खोकायला लावलास म्हणे?"

"भांडं जरा सैल..."

"दोनशे साठ. सैल काय होतं ते कळलं मला. उद्या ये. येताना गाजर, सफरचंद आणि पालकाची जुडी आण. आणि ते दोन हजारवालं घासूनपुसून आण, दुकानदाराला हिरवं दिसता कामा नये."

शिव्या देता देताही तिचा एक वेढा चुकला नाही. चिरंजीव दोन झेरॉक्स मोजताना कोणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरू करतो.

दुसऱ्या दिवशी ज्यूसरच्या दुकानात टायवाला विक्रेता पुढे आला. "मॅडम, यात पाच स्पीड आहेत."

"पाच काय करायचेत? आम्हाला एकच ग्लास प्यायचाय. लाव."

दोन हजारवाल्याच्याच जातीचं यंत्र होतं. गाजर क्षणात गडप झालं. आत्याने रसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चोथ्याचं भांडं ओढलं, मूठभर चोथा घेतला आणि पिळला. बोटांतून धार लागली, मनगटापर्यंत आली.

"बघ. बापाचा निम्मा ग्लास यानेच गिळला."

दुसरं यंत्र हळू फिरणारं. आत जाडजूड स्क्रू, म्हशीसारखं निवांत रवंथ करणारा. चोथा बऱ्यापैकी कोरडा निघाला. विक्रेता खूश झाला.

"आता हे धुवा," आत्या म्हणाली.

"मी?"

"मग काय, मी विकतेय?"

टाय खांद्यावर टाकून बिचारा मागच्या नळावर उभा राहिला. जाळीच्या कोपऱ्यात ब्रश शिरेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"अडतीस वर्षांत माझ्याकडे जेवढे ज्यूसर आले ना," आत्या चिरंजीवाला म्हणाली, "त्यातल्या निम्म्यांच्या मोटरी जळलेल्याच नव्हत्या. जाळीत चोथा वाळून दगड झालेला. लोकांना धुवायचा कंटाळा येतो आणि यंत्र माळ्यावर जातं. मोटर जळली तर मी आहे. कंटाळा कसा गुंडाळून देऊ?"

तिसरं यंत्र दिसायला अगदी साधं, त्याच दोनशे वॅटवाल्या खोक्यातलं. आत्याने पालक बोटाएवढा चिरून घातला, मागोमाग सफरचंद. तळवा यंत्राच्या पाठीवर ठेवून डोळे मिटले. आवाज म्हणाल तर कोणीतरी शेजारच्या खोलीत गुणगुणतंय एवढाच. रस खाली गळत होता, गर्द हिरवा, वर फेसाची पुसटशी रेघ. मग तिने चोथा मुठीत घेतला, दाबला आणि मूठ उघडली.

चोथ्याची वडी झाली होती. वडीवर तिच्या चारही बोटांचे ठसे उमटले होते. तळहात कोरडा.

 आजवर चिरंजीव यंत्रांच्या अंगावर काय लिहिलंय तेवढंच वाचत आला होता. ही बाई त्यांच्या पोटातून बाहेर काय येतं ते वाचत होती.

हेही यंत्र विक्रेत्याने घड्याळ लावून धुतलं आणि तो परत आला. "झालं, मॅडम."

"एकशे बारा सेकंद," आत्या म्हणाली.

विक्रेत्याने हातातलं घड्याळ पाहिलं, मग पुन्हा आत्याकडे पाहिलं. बरोबर एकशे बारा. आत्याच्या हातात घड्याळच नव्हतं, आणि सगळा वेळ ती 'टाय घालून भांडी घासता येत नाहीत' यावर चिरंजीवाशी बोलत होती. विक्रेत्याने जुनं यंत्र घेऊन हे तिसरं बदलून दिलं.

त्या संध्याकाळी चिरंजीवाने रस आणखी एकदा फडक्यातून गाळला, भुकटी ढवळली आणि ग्लास वडिलांसमोर ठेवला. वडिलांनी तो दिव्यासमोर धरला, आरपार पाहिलं, एखाद्या खोट्या नोटेकडे पाहावं तसं. मग खिशातून नळकांडी काढली. ग्लासाच्या तळाशी खुरखुर आवाज आला तेव्हा आईने पदराने डोळे पुसले.

शनिवारी वजन उतरलं नव्हतं. काटा पाव किलोभर वरच सरकला होता. डॉक्टर म्हणाले, नळीची गरज नाही.

रविवारी आत्या घरी आली. चिरंजीवाने मजुरीचं विचारलं.

"ती तुझ्या बापाकडून घ्यायचीय."

वडील निवृत्त बस कंडक्टर. तीन आठवड्यांपूर्वी ते आत्याच्या दुकानात उभ्याने किस्सा सांगत होते: एक प्रवासी, त्याची कुलूप लावलेली पेटी, आणि पेटीचं तिकीट काढायला त्याचा नकार. किश्श्यात पेटी उघडायची वेळ आली, आणि वडील स्वतःच्याच किश्श्याला हसत मागे सरकले. मागे पायरी होती.

"तीन आठवडे झाले," आत्या म्हणाली. "पेटीत काय होतं?"

वडिलांनी लगबगीने पाटी ओढली आणि लिहिलं, "पेटीत". आत्याने पाटीवर हात ठेवला.

"पाटीवर नको. तारा सुटू देत. तोंडानंच सांगायचं, हातवारे करून. पायरीपासून लांब उभं राहून."

ती गेली. चिरंजीव वडिलांजवळ सरकला. "मला तरी सांगा ना, पेटीत काय होतं?"

 वडिलांनी पाटी पुसली आणि लिहिलं: "आधी भिंत पूस."