मागल्या दारी

मी लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीपुढे कुणी गेलेलं नाही. पण जे घडलं ते माझ्याशिवाय दुसरं कोण लिहिणार, हेही कळत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. लग्नानंतरच्या माघात आम्ही दोघं पनवेलला भाड्याची खोली बघायला गेलो. गावाहून रोज चालत हायस्कूलला येणं जमेना. खोली एका एकट्या म्हाताऱ्या बाईंची होती. त्यांना कमी ऐकू येई. दुपारची वेळ. गल्ली इतकी निवांत की बायको म्हणाली, "आवो, हितं मानसं राहतात का निसती दारं?" उगाच दोनदा आम्ही ती गल्ली फिरलो. एक निळी खिडकी तिला फार आवडली.

आमच्या गावात पुढच्या दारानं पाहुणे येतात. काही मागायला आलेला माणूस मागल्या दारी जातो. पुढे उभं राहणं म्हणजे ताठा. म्हणून बोळातून आम्ही बाईंच्या परसात शिरलो. धुळीचे पाय धुवावेत म्हणून बायकोनं विहिरीवरचा लोखंडी पोहरा उचलला.

"चोरांनो!" शेजारचा धिप्पाड माणूस कुंपण ओलांडून आला. हातात दांडकं. "भरदुपारी घरं फोडता?"

"नाही, खोली..." एवढंच मी म्हणालो. पहिला तडाखा कानावर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी पडलो तसं त्यानं लाथा घातल्या. तोंडात माती आणि रक्त.

"सोड! मरंल तो!" बायको ओरडली. तो थांबेना. तिनं दोरीसकट पोहरा गरगर फिरवला आणि त्याच्या कानशिलावर घातला. तो विहिरीच्या दगडावर कोसळला. रक्त पन्हळीतून अळवाच्या वाफ्यात चाललं होतं. त्याचे डोळे उघडे होते.

"मेला का?" तिनं विचारलं. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. आम्ही पळालो.

त्याच संध्याकाळी माझ्या बापानं तिला मचव्यात बसवून खाडीपलीकडे मोरा बंदरावर तिच्या मावशीच्या घरी लपवलं. हाडवैद्यानं माझं मनगट खेचलं तेव्हा मी ओरडलोही नाही; कान वाटेकडे होते. बाप म्हणाला, "पोलीस आला तं मी सांगन, मीच मारला. तू गप बस." फाशी या शब्दाचा उच्चार घरात कुणी केला नाही, पण सगळ्यांच्या जेवणात तो होता.

आमची काकी त्याच गल्लीत डोक्यावरून मीठ विकायची. भीतीनं ती बरेच दिवस तिकडे गेलीच नव्हती. शेवटी गेली, आणि रिकामी पाटी ओट्यावर आपटून खाली बसली.

"जित्ता हाय मेला! डोक्याला ही मोठी पट्टी. सगल्यांना सांगतो, विहिरीवर पाय घसरला. बाईनं पाडला म्हनायला लाज वाटतं त्याला." मग पदरानं घाम पुसत म्हणाली, "आनि ती म्हातारी इचारीत होती, खोली बघाया येनार होते ते कुठं मेले?"