वाघ नसलेलं चित्र

जव्हारच्या शाळेत मी मास्तर होतो. राजवाड्यातल्या चित्रांच्या दालनात प्रत्येक चित्राखाली मराठीत दोन ओळी लिहून लावायच्या होत्या. माझं अक्षर बरं, शिवाय मी कविता करतो हे कारभाऱ्यांच्या कानावर गेलेलं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

दहा-बारा चित्रं सहज उरकली. मग एका चित्रासमोर बोरू हातातच राहिला. त्यात नुसतं गवत होतं. पुरुषभर उंच, पिवळं. मधोमध पायवाट, आणि एका जागी गवत किंचित बाजूला झालेलं.

दालन उघडून देणारा म्हातारा शिपाई जवळ आला. "काय झाला, मास्तर? गवतच हाय ना ता?"

"गवतच आहे," म्हणालो आणि खाली बसलो.

नऊ वर्षांचा असताना पोशेऱ्याहून, मामाच्या घरून, धाकट्या बहिणीला घेऊन मी परतत होतो. मामीने बजावलं होतं, तिचा हात सोडू नको. अशाच गवतातून वाघ वाटेवर आला. मी बहिणीचा हात झटकला आणि झाडावर चढलो. ती खालीच उभी. ओरडलीही नाही. थोड्या वेळाने वाघ ओढ्याकडे निघून गेला. घरी मी सांगितलं, आम्ही दोघंही झाडावर चढलो. तिने मुकाट्याने मान हलवली.

चित्र पाहून आलो त्याच दिवशी हे सगळं लिहून काढलं. आजवर मोरावर, चांदण्यावर लिहीत होतो.

बहीण जामसरला दिली होती. रविवारी कागद घेऊन तिच्याकडे गेलो. ती नाचणी पाखडत होती. तिला वाचून दाखवताना मला त्या वाघापेक्षा तिची भीती वाटत होती. 'वाघ तिच्याकडे एकटक पाहत होता' इथवर आलो, तसं तिने सूप थांबवलं.

"माझ्याकडं नाही, दादा. तो वर, तुझ्याकडं बघत होता. मी ओरडले असते तर तू घाबरून खाली पडला असतास."

मी तर फांदीला मिठी मारून डोळे गच्च मिटले होते. ते वाक्य मी मनानेच घातलं होतं.

तिथेच बसून ते खोडलं आणि तिचं लिहिलं. परतताना पायवाट टाळून लांबच्या गाडीरस्त्याने आलो, तरी दर चार पावलांनी मागे वळून पाहत होतो.