निकमकाका आणि आत्याची दाढ

निकमकाका बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे नाहीत, दातांत बघायचे. इंदिरानगरच्या ज्या लॅबमध्ये ते कृत्रिम दात बनवत, तिथे मी आत्याला घेऊन पहिल्यांदा तावातावाने शिरले. माझं सगळं भाषण त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही झोपेत दात खाता. जागेपणी तर दिसतंयच."

भांडण माझ्या आत्याचं. झेंडू पिकवणारी बाई. तिने वरच्या जबड्यात झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या कडक सिरॅमिकची, दाढ बसवली आणि वर्षभरात तिच्यावर टेकणारी खालची खरी दाढ झिजून ठणकायला लागली. डॉक्टरने झिरकोनियाच्या नावाखाली हलका माल खपवला, हे मी ठरवूनच टाकलं होतं. मोर्चे आणि पत्रकं हे माझं नेहमीचंच काम; पत्रक तयार होतं: 'तोंडात भेसळ!' दाढ बनवणाऱ्याची सही तेवढी हवी होती.

टेबलावर खडूसारखे पांढरे, अवाढव्य दात पडले होते. "माणसांचे आहेत की बैलांचे?" मी विचारलं. काका हसले. भट्टीत झिरकोनिया आकसतो, म्हणून आधी मोठाच कोरतात. "भाजायच्या आधी माप काढू नका, ताई."

मग त्यांनी आत्याला आ करायला लावला, आणि दाढेवरून बोट फिरवलं.

"माल अस्सल हाय. लय कडक. दाढ उंच लागते म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलेली. मी घासून दिली, पॉलिश करायचं राहिलं. खरखरीत झिरकोनिया म्हणजे कानसच. समोरचा दात खातो."

"बसवताना डॉक्टरने बघायला नको?"

"बघायला पायजे होतं. पण करायला मी पायजे होतं."

"मग करा की आता!" आत्या खेकसली. "दोघं भाषणं काय ठोकताय?"

काकांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला. दाढेला पॉलिश झालं, खालची भरून मिळाली.

मी पत्रक बदललं. डॉक्टरचा हलगर्जीपणा ठेवला, पुढे 'एका कामगाराची चूक' असं घातलं. काकांनी 'एका कामगाराची' खोडून स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

"काका, नोकरी जाईल!"

"आम्ही पाच जण हाय इथं. बाकीच्या चौघांनी काय केलं?"

मी छापलं. खरं तेच छापलं! आठवड्यात लॅबच्या मालकाने काकांना कामावरून काढलं आणि ते गावी, कळवणला गेले. डॉक्टरच्या दारात आजही रांग आहे. त्याला एकानेही जाब विचारला नाही.

त्यांचं नाव मी खोडायला हवं होतं? मग त्या चौघांचं काय? की छापायचंच नव्हतं?

आत्या परवा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "त्या निकमांना एकदा जेवायला बोलव गं. कुठे असतात?"

"कळवणला गेले."

"का?"

घोषणा मला एका दमात सुचतात. आत्याला मी भाजी वाढली.