एक पॉइंट दोनच्या वर जंगल

लटारू भाऊंनी जन्मभर काळं मोजलं. आधी चंद्रपुरात फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत, नुसत्या डोळ्यांनी. स्टुडिओ बसल्यावर एका मोजणी कार्यालयात कंत्राटावर, यंत्राने. विमानातून काढलेल्या जुन्या फोटोंची पॉझिटिव्ह फिल्म सरकवायची, खालून उजेड सोडायचा, किती अडतो ते बघायचं. उघडं वावर फिकं, कमी आकडा. जंगल काळं, जास्त. एक पॉइंट दोनच्या वर जंगल, खाली शेत. ही रेघ शंभर ठिकाणं ताडून लटारूंनीच ठरवली होती, आणि तिचा त्यांना भलता ताठा.

समोर भामरागडकडची बुधरी बसली होती. वनहक्क कायद्याने जमिनीचा पट्टा हवा, तर २००५ आधीपासून कसत होतो हे दाखवा. कागद नाही, गावच्या म्हाताऱ्यांची साक्ष वर कोणी मानली नाही. उरली ही त्या आधीची फिल्म.

आकडा आला एक पॉइंट तीन. पुन्हा मोजलं. तेच.

"बाई, इथी तं जंगल दाखवते."

"जंगल? माह्या सासऱ्यानं नांगरलं थे! मशीन आंधळी हाये का तुमची?"

"झाडं किती व्हते वावरात?"

"मोहाचे अठरा. आमी मोह तोडत नाई, भाऊ. तुमी मायले घराभायेर काहाडता का?"

घ्या! वर अठरा डेरे एकमेकांना भिडलेले, खाली धान. विमानाला धान दिसणार कुठून?

"कोन्या महिन्यात काहाडला फोटू?"

"नोव्हेंबर."

"काऊन? फागुनात मोह नंगा ऱ्हायते. तवा काहाडाचा ना!"

बाईचं खरं होतं. लटारूंनी धावत जाऊन मार्चचा डबा काढला. रीळ नदीच्या अलीकडेच संपलेलं. बुधरीचं वावर पलीकडे.

मग त्यांनी तक्त्याखाली लिहिलं, 'मोह राखून केलेली शेती.' कार्यालयातल्या साहेबांनी ते खोडलं.

"भाऊ, रेघ तुमचीच ना? एकीसाठी हलवली, तर बाकीच्यांना काय सांगू?"

लटारू खाली मान घालून परत आले.

बुधरीने त्यांचं तोंड पाहूनच ओळखलं. मग म्हणाली, "आता तोडू का मंग?"

"आता तोडून काय फायदा, बाई? फिल्म तवाची हाये."

त्यांनी पेन उघडलं आणि रकान्यात लिहिलं, जंगल.