सागरच्या वडिलांचा वस्तरा

मंडळी, आज पहिल्यांदाच पायांवर वस्तरा फिरवून घेतला. उद्या सायकलची रेस आहे. पडलो तर जखम साफ करताना केस मधे येऊ नयेत, म्हणून.

माझा टीममेट सागर. त्याच्या वडिलांचं मांजरी गावात सलून आहे. माझे पाय त्यांनी झटपट, छान केले. सागरच्या गुडघ्याशी मात्र त्यांचा हात थांबला. जुन्या जखमेच्या कडेनं वस्तरा हळूच नेत त्यांनी विचारलं, "दुखतंय का रं अजून?"

"नाय ओ, अण्णा."

घरी बाबांनी माझे पाय पाहिले. "ही काय नवीन थेरं?" म्हणाले आणि पुन्हा मोबाईलमध्ये.

सागर दर रेसला मला मागे टाकतो. त्याचं कधी काही वाटलं नाही. आज मात्र त्याच्यावर जाम जळलो.

तुम्ही कधी कुणाच्या वडिलांवरून जळलात का?